जुन्या घडणीच्या बेसची बाजू

व्यावसायिक बेसवादकांच्या हातात अजून तोच जुना बेस का दिसतो, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे तयार असतं. सवय आहे त्यांची, थोरामोठ्यांनी वाजवला म्हणून हेही वाजवतात, नावाला किंमत आहे. बाकी चार तारा आणि दोन बटणं यांत असं काय ठेवलंय? हे मी पुण्या-मुंबईच्या वाद्यांच्या दुकानांत ऐकलंय आणि नगरच्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडूनही ऐकलंय. बेस वाजवणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा आष्टी तालुक्यातल्या आमच्या कडा गावातसुद्धा आता तेच ऐकतो. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिलेला मुलगा वडिलांना समजावतो की पाच तारांचा, सेलवर चालणारा, पाच-सहा बटणांचा बेस हाच ‘प्रोफेशनल’. वडील उसाच्या बिलातून पैसे काढून देतात. पुढे ते वाद्य मांडवात ऐकूच येत नाही, आणि दोष मुलाच्या बोटांना दिला जातो.

हे मत मला साफ चुकीचं वाटतं. आमच्याकडे वाद्यावर घातलेला पैसा असा सहजासहजी पुन्हा उभा राहत नाही, म्हणून ते खोडून काढायची गरजही वाटते.

आधी ‘जुना बेस’ म्हणजे काय ते ठरवून घेऊ. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. ३४ इंचांची तार आणि गिटारसारखे फ्रेट, त्यामुळे बोट ठेवलं की सूर नेमका लागणार. १९५७ मध्ये त्याचं, तारेची हालचाल टिपणारं पिकअप बदललं. एका सलग तुकड्याऐवजी दोन अर्धे तुकडे आले, एक जाड दोन तारांखाली आणि दुसरा बारीक दोन तारांखाली, थोडा सरकवून बसवलेला. १९६० मध्ये त्याच कारखान्यातून जॅझ बेस आला, अरुंद नेकचा, दोन पिकअपांचा. प्रिसिजनला आवाजाचं एक बटण आणि टोनचं एक. जॅझला थोड्याच काळात दोन आवाजाची आणि एक टोनचं अशी मांडणी कायम झाली. सेल कुठेच नाही. या दोन घडणी आणि त्यांच्यावरून जगभरात कुणीही बनवलेली वाद्यं, यांना मी जुन्या घडणीचा बेस म्हणतो. माझा वाद घडणीचा आहे, कंपनीच्या नावाचा नाही.

समोरच्याची बाजू कच्ची करून मांडली तर खंडनाला अर्थ उरत नाही, म्हणून ती पूर्ण ताकदीने मांडतो. ते म्हणतात, १९५७ नंतर इलेक्ट्रॉनिक्स कुठल्या कुठे गेलं. सेलवर चालणारा प्रीअँप बेसच्या पोटात बसवला की सिग्नल ताकदवान होतो, लांब केबलमध्ये वरचे सूर मरत नाहीत, आणि खर्ज, मध्य, तार हे तिन्ही भाग वादकाला बोटाखाली वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. पाचवी तार लावली की आणखी पाच स्वर खाली उतरता येतं. याहून वजनदार मुद्दा असा की लिओ फेंडरने स्वतःच प्रिसिजनला मागे टाकलं. १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला विकली. पुढे म्युझिक मॅन या कंपनीत १९७६ मध्ये त्याने स्टिंगरे हा बेस आणला, त्यात प्रीअँप होता. त्याहीपुढे जीअँडएल काढली आणि तिथली वाद्यं ही आपण केलेली सर्वोत्तम, असं तो म्हणत असे. जनकच पुढे निघून गेला असेल तर बाकीचे मागे का थांबलेत? आठवणींपोटी, दुसरं काय!

हा युक्तिवाद दिसायला भक्कम आहे. सवयीचा मुद्दा आधी घेतो.

नुसती सवय कारण असती तर त्या काळातलं सगळंच टिकायला हवं होतं. ते टिकलं नाही. प्रिसिजन हा पहिला इलेक्ट्रिक बेसही नव्हे. सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कने १९३६ च्या सुमाराला फ्रेटचा, भरीव लाकडाचा इलेक्ट्रिक बेस ऑडिओव्हॉक्स नावाने विकला होता. तो विस्मरणात गेला. गिब्सनने १९५३ मध्ये व्हायोलिनच्या आकाराचा बेस काढला, तोच पुढे ईबी-१ म्हणून ओळखला गेला. आखूड तार, नेकजवळ पिकअप, आवाज गुबगुबीत. गिब्सनचं नाव तेव्हा फेंडरपेक्षा कितीतरी मोठं होतं, तरी स्टुडिओवाल्यांनी तो धरून ठेवला नाही. जर्मनीच्या हॉफनरचा व्हायोलिन बेस पॉल मॅकार्टनीमुळे जगाला माहीत झाला, इतका की लहान पोरालाही तो ओळखू यावा. कीर्तीमुळेच वाद्य टिकत असतं तर आज निम्मे व्यावसायिक हॉफनर वाजवताना दिसले असते. १९७० च्या दशकात अलेंबिकचे महागडे सेलवाले बेस आले, १९८० च्या आसपास स्टाइनबर्गरचे बिनडोक्याचे बेस आले, आणि काही वर्षं स्टेजवर त्यांचाच बोलबाला होता. म्हणजे व्यावसायिकांपुढे पर्याय होते, त्यांनी ते वापरूनही पाहिले. पिनो पॅलाडिनोचं उदाहरण घ्या. वेल्सचा हा वादक १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाला तो बिनफ्रेटच्या स्टिंगरेवर, म्हणजे त्या काळाच्या आधुनिक वाद्यावर. २००० साली आलेल्या डि’अँजेलोच्या ‘वूडू’ या अल्बमवर त्याच्याच हातात सपाट तारांचा प्रिसिजन ऐकू येतो. तो आधी नव्याकडे होता आणि मग जुन्याकडे आला. याला सवय म्हणता येत नाही.

ब्रँडच्या मोहाचं म्हणाल, तर रॉजर सॅडोस्कीसारखे कारागीर याच ठेवणीचे बेस, अनेकदा प्रीअँप घालून का होईना, स्वतःच्या नावाने बनवतात आणि व्यावसायिक ते वाजवतात. यामाहाच्या बीबी मालिकेतल्या अनेक बेसवरही प्रिसिजनसारखं पिकअप दिसतं. नाव बदललं तरी घडण तीच राहते. मग मोह नावाचा कसा?

आता लिओ फेंडरचा मुद्दा. हा माणूस अफाट बुद्धीचा होता, पण त्याला गिटार वाजवता येत नसे. वाद्यं तपासायला तो वादकांकडे द्यायचा. पण प्रश्न आपण वाद्य कसं ऐकतो हा आहे. टेबलावर एकटा वाजवलेला स्टिंगरे प्रिसिजनपेक्षा भारी वाटतो हे मीही मान्य करतो: खाली गडगडाट, वर चकाकी. दुकानात वाद्य निवडणारा मुलगा नेमका असाच ऐकतो, आणि व्हिडिओत वाजवणाराही एकटाच वाजवत असतो. प्रचलित मताचं मूळ माझ्या मते या एकट्याने ऐकण्यात आहे. बेस मात्र एकटा कधीच वाजत नाही. त्याच्या वर ढोलकी किंवा ड्रमचा पाय असतो, कीबोर्ड असतो, गिटार असते आणि या सगळ्यांच्या वर गाणारा असतो. त्या गर्दीत गडगडाट ड्रमच्या पायात मिसळून जातो, चकाकी झांजेत हरवते, आणि मधला भाग प्रीअँपच्या बटणांनी पोखरलेला असेल तर बेस म्हणून काहीच शिल्लक राहत नाही. जुना बेस एकटा ऐकला तर जरा बोथट, नाकातला वाटतो. गाण्यात तोच नाकातला भाग बेसचा स्वर कानापर्यंत पोचवतो.

हे का होतं ते थोडं आकड्यांत सांगतो, कारण ‘ऊबदार आवाज’, ‘जुन्याची गोडी’ अशा शब्दांनीच या विषयाचं वाटोळं केलं आहे. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर मूळ कंपन सेकंदाला ४१.२. मोबाइलचा, ट्रान्झिस्टरचा, साध्या टीव्हीचा स्पीकर हे कंपन देऊच शकत नाही. तरी तो स्वर आपल्याला कळतो, कारण तारेतून त्याचे उपस्वरही निघतात: दुप्पट ८२, तिप्पट १२४, चौपट १६५. ते ऐकून कान मूळ स्वर स्वतः जुळवून घेतो. तानपुऱ्याच्या जवळ बसणाऱ्याला उपस्वरांची ओळख करून द्यायला नको. तिसरा उपस्वर म्हणजे पंचम, पाचवा म्हणजे तो स्वयंभू गंधार.

पिकअप तारेच्या ज्या जागेखाली असतं तिथली हालचालच ते टिपतं. प्रिसिजनचं पिकअप ब्रिजपासून साधारण साडेपाच-सहा इंचांवर आहे, म्हणजे ३४ इंचांच्या तारेच्या जवळपास सहाव्या भागावर. मोकळ्या तारेचा तिसरा उपस्वर याच जागी सर्वांत जोरात हलतो, आणि सहावा उपस्वर तिथे जवळजवळ स्थिर असतो. म्हणजे मूळ स्वर पुरेसा, पंचम ठसठशीत आणि वरचा कर्कशपणा आपोआप कमी. बोट फ्रेटवर गेलं की हे प्रमाण बदलतं, पण खालच्या फ्रेटवर, जिथे बेसचं बहुतेक काम चालतं, स्वभाव हाच राहतो. पिकअप ब्रिजपासून अडीच इंचांवर नेलं की मूळ स्वराचा वाटा निम्म्याहून कमी होतो. मग तो भरून काढायला प्रीअँप लागतो आणि प्रीअँपला सेल लागतो. पिकअपच्या जागेनेच मिळणारी गोष्ट मागाहून वीज घालून मिळवायची, असा तो प्रकार आहे. लिओने ही जागा गणिताने काढली की कानाने, याच्याशी मला कर्तव्य नाही. जागा बरोबर पडली आहे.

त्या अर्ध्या-अर्ध्या पिकअपमध्ये आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक तारेखाली एक नव्हे, दोन चुंबकं आहेत आणि तार त्यांच्या मधून हलते, त्यामुळे छेडल्याचा टोला जरा मऊ येतो. डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन १९६२ सालचा प्रिसिजन सपाट तारा लावून, एकाच बोटाने वाजवत असे. तारा तो सहसा बदलत नसे आणि ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज असायचा. त्याचा बेस थेट मिक्सरमध्ये जायचा, मध्ये अँप्लिफायर नाही. लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के ही बाई तारांवर फेल्टची पट्टी दाबून प्रिसिजन वाजवायची. दोघेही लांब घुमणारा आवाज मुद्दाम मारत होते. आमच्याकडे कीर्तनात पखवाजाच्या धुमेला ओली कणीक लावतात तीही यासाठीच: खालचा आवाज सुरात यावा, भरीव यावा आणि पुढच्या बोलावर सांडू नये. ज्याने मांडवात बसून चांगला पखवाज ऐकला आहे त्याला जेमर्सन का ऐकू येतो हे निराळं समजवावं लागत नाही.

मुंबईच्या चित्रपट संगीतातही हेच घडलं. तिथे आधी उभा डबल बेस होता, मग बेस गिटार आली, आणि ती वाजवणाऱ्यांत गोव्याकडची माणसं पुष्कळ होती. राहुलदेव बर्मनच्या ताफ्यात टोनी व्हाज बेस वाजवत असत. त्या काळी ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये गायकासकट सगळा ताफा एकदम रेकॉर्ड व्हायचा. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा. अशा जागी वादकाला बटणांचे प्रयोग करायला वेळ नसतो. काल वाजलं तसंच आज वाजणारं वाद्य त्याला लागतं. हे रेकॉर्डिंग पुढे थिएटरात पडद्यामागच्या मोनो स्पीकरमधून आणि घरात रेडिओतून ऐकलं जाणार. शिवाय आपल्या गाण्यात तबल्याचा बायां आणि ढोलकीची धुम आधीच खालची जागा धरून बसलेली असते. तिथे नुसत्या घुमणाऱ्या खर्जाला वावच नाही. राहुलदेवांच्या गाण्यांतला बेस छोट्या ट्रान्झिस्टरवरसुद्धा गुणगुणता यायचा. कोणत्या गाण्यात कुठल्या कंपनीचं वाद्य होतं हा वाद त्यासाठी घालायची गरज नाही. जे ऐकू येत होतं ते मधल्या उपस्वरांच्या जोरावर, आणि जुन्या घडणीचा बेस तेच उपस्वर पुढे करतो.

आता कड्याकडे येतो. व्यावसायिक म्हणजे काय फक्त स्टुडिओत बसणारा? लग्नात, जत्रेत, गणपतीत दोन-दोन रात्री वाजवून पोट भरणारा आमचा बेसवालाही व्यावसायिकच. त्याची परीक्षा मला स्टुडिओपेक्षा कडक वाटते. मांडवात जनरेटर असतो, त्याच तारेवर हॅलोजन, एलईडीच्या माळा आणि कधी कूलर. या सगळ्याची गुणगुण साध्या पिकअपमध्ये शिरते. प्रिसिजनचे दोन अर्धे तुकडे उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकांचे आहेत, त्यामुळे बाहेरची गुणगुण एकमेकांत कापली जाते आणि तारेचा आवाज तेवढा राहतो. हे १९५७ मध्येच साधलं होतं. जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप सारख्या आवाजावर ठेवली तरच हा फायदा मिळतो, म्हणून मांडवासाठी माझी पसंती प्रिसिजनला. अर्थिंगच खराब असेल तर मात्र कोणतंच पिकअप वाचवत नाही. तिथे आधी वायरमनला बोलवावं.

सेलचं म्हणाल, तर तो बरोबर रात्री अकराला मरतो. मरताना एकदम बंदही पडत नाही. आधी आवाज फाटायला लागतो, मग साउंडवाला आपल्याकडे बघतो. त्या वेळी नऊ व्होल्टचा चौकोनी सेल देणारं दुकान आष्टी तालुक्यात कुठलं उघडं असणार? सप्टेंबर २०२२ मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं. वाद्य घेऊन नगरला जाणं सोपं झालं, पण कार्यक्रमाच्या रात्री त्याचा उपयोग नाही. प्रिसिजनच्या पोटात दोन पोटेंशिओमीटर, एक कपॅसिटर आणि एक जॅक. गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही सोल्डरिंग आयर्न तापवून तो अर्ध्या तासात चालू करतो. २५० किलोओहमचा पोटेंशिओमीटर नाही मिळाला तर २२० चाही चालतो, कानाला फरक कळत नाही. नेक चार स्क्रूंवर बसवलेला, तो काढून सरळ करता येतो. लिओ स्वतः रेडिओ दुरुस्त करणारा होता, आणि आपल्यासारख्याच माणसाला उघडता येईल असं वाद्य त्याने केलं. प्रीअँपचा छापील बोर्ड जळला तर आमच्याकडे तो कुणी हातात धरत नाही.

पाचव्या तारेबद्दल सरधोपट बोलणं बरोबर होणार नाही. ज्यांना रोज खालच्या रे-सापर्यंत उतरावं लागतं, आजच्या सिनेमासंगीतात किंवा चर्चच्या गाण्यात, त्यांना ती लागते. आणि जॅझच्या घडणीचे पाच तारांचे चांगले बेस मिळतातही. पण आपल्या पट्ट्यांचा हिशेब कुणी केला आहे का? भजनाला काळी एक धरली तर चार तारांच्या बेसवर षड्ज सापडतो ६९ कंपनांवर आणि त्याखालचा पंचम ५२ वर, जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर. काळी पाचला षड्ज ५८ वर. पांढरी चारला तर ४४ वर, पहिल्याच फ्रेटवर. काळी एकचा याहून खालचा षड्ज पाचव्या तारेवर मिळतो, पण तो आहे ३५ कंपनांवर. भाड्याने येणाऱ्या बहुतेक बॉक्सचा आवाज चाळिसाच्या खाली झपाट्याने पडतो. म्हणजे वादकाने खालचा षड्ज दाबला, बॉक्सचा पुठ्ठा हलला, आणि तिसऱ्या ओळीत बसलेल्याला त्याचे उपस्वरच काय ते ऐकू आले. ज्या तारेचा मूळ स्वर बॉक्स देणार नाही तिच्यासाठी नेक रुंद करून घ्यायचा, आणि शिकणाऱ्याच्या लहान हाताला त्रास द्यायचा, हे मला पटत नाही.

आता माझ्याच बाजूला येऊन उभे राहणाऱ्या काही जणांना बाजूला करायला हवं. यांचं म्हणणं असं की खरा आवाज १९६५ च्या आधीच्या वाद्यातच आहे. तेव्हाचं लाकूड वेगळं, तेव्हाचे कारागीर वेगळे. त्यासाठी लोक डोळे पांढरे होतील असे पैसे मोजतात. हे मत ‘सवयी’वाल्यांच्या मताइतकंच लटकं आहे, आणि त्यामुळेच ‘बघा, ही सगळी पूजाअर्चाच आहे’ असं म्हणायला समोरच्याला आयतं निमित्त मिळतं. जेमर्सनचा १९६२ चा बेस त्याच्या हातात आला तेव्हा ते रोजच्या वापरातलं, कारखान्यातून आलेलं वाद्य होतं; पुराणवस्तू नव्हती. मार्कस मिलरचा सगळ्या जगाने ऐकलेला आवाज १९७७ च्या जॅझ बेसचा आहे, संग्राहक ज्या काळाला नाकं मुरडतात त्या सीबीएसच्या काळातला. त्यात त्याने सॅडोस्कीकडून प्रीअँपही बसवून घेतला होता. म्हणजे सेल हा अस्पृश्य नाही. ज्याला तो का हवा हे कळतं त्याने तो जरूर वापरावा. जॅको पॅस्टोरियस १९६२ चा, फ्रेटच काढून टाकलेला जॅझ बेस वाजवत असे. वाद्य देव्हाऱ्यात ठेवणारा माणूस असं करील का? पिकअप लोखंडी तारेची हालचाल टिपतं. त्याची जागा, त्याची गुंडाळी, तारेची लांबी आणि तारांचा प्रकार यांवर आवाजाचा बहुतेक भाग ठरतो, आणि या सगळ्या गोष्टी आज साध्या किमतीच्या वाद्यातही जशाच्या तशा मिळतात. १९८२ पासून फेंडरच स्क्वायर या नावाने स्वस्त बेस विकते आहे.

या घडणीत दोष आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास बहुतेक बेसवर एखादा स्वर लवकर विझतो, कारण नेकच त्या कंपनाला हलून त्याची ताकद खातो. अशा वेळी तोच स्वर शेजारच्या तारेवर घ्यायचा, हे वादक शिकतोच. वजन जास्त असतं. तासन्‌तास उभं राहून खांदा दुखतो. आणि सेलाशिवायच्या बेसला दहा-पंधरा मीटर केबल लावली तर वरचे उपस्वर कमी होतात, हा समोरच्याचा मुद्दा मी खरा मानतो. त्याला उपाय डीआय बॉक्स: बेसपासून तीन-चार मीटरवर तो ठेवायचा, पुढची लांब केबल त्यातून मिक्सरला. कुठलाही धड साउंडवाला तो बाळगतो. नसेल तर स्वतःचा घ्यावा, कारण बेससोबत ज्याच्यावर खर्च करावा असं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

     

म्हणून कड्या-आष्टीकडे, किंवा कुठेही, पहिला बेस घेणाऱ्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना माझी विनंती आहे. दुकानात वाद्य एकटं ऐकून पैसे मोजू नका. मोबाइलवर एखादं गाणं लावा, त्याच्यासोबत दोन्ही बेस वाजवा, आणि मुलाने नव्हे, वडिलांनी पाच पावलं मागे जाऊन सांगावं की कुठल्या वाद्याचा स्वर कळतो. चार तारा, अर्ध्या-अर्ध्या तुकड्यांचं पिकअप, सेल नाही, एवढं बघा, मग नाव कुठलंही असो. उरलेल्या पैशांत नेक आणि फ्रेट नीट बसवून घ्या, सपाट तारांचा एक संच घ्या आणि डीआय बॉक्स घ्या. पाच तारांचा बेस पुढे कधीही घेता येईल. मुलाला तो का हवा हे त्याला स्वतःला सांगता आलं की घ्या.